बायपासला उतरा

गेल्या मार्गशीर्षात मेव्हण्याचा फोन आला. तो मोटरसायकलवर होता, त्यामुळे अर्धा आवाज त्याचा आणि अर्धा वाऱ्याचा. "दाजी, आबांच्या बायपासचं नक्की झालं. येत्या गुरुवारची तारीख मिळालीय. ताईला सांगा," एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली.

आबा म्हणजे आमचे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम मुळशीकडच्या एका गावात, तंबाखू दिवसातून सहा वेळा. त्यामुळे ही बातमी ऐकून धक्का बसला तरी आश्चर्य वाटलं नाही.

मराठीत बायपास या शब्दाला दोन लिंगं आहेत. हृदयाची ती बायपास, रस्त्याचा तो बायपास. "बायपास झाली" म्हटलं की लोक शहाळी घेऊन भेटायला येतात आणि "बायपास झाला" म्हटलं की गुंठ्याचा भाव विचारायला येतात. मेव्हणा 'ठरली' म्हणाला असता किंवा 'ठरला' म्हणाला असता, तरी सगळं लख्ख कळलं असतं. पण गडी म्हणाला 'बायपासचं नक्की झालं'. षष्ठी विभक्तीनं घात केला. शाळेत व्याकरणाच्या तासाला खिडकीबाहेर बघितल्याची शिक्षा माणसाला पन्नाशीनंतर अशी भोगावी लागते.

गुरुवारी पहाटे आम्ही निघालो. बायकोचा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपास, डोळ्यांना पदर, मांडीवर डझनभर सफरचंदं, मागच्या सीटवर आठ शहाळी. वाटेत ती दर दोन किलोमीटरला म्हणत होती, "मी सांगत होते, तंबाखू सोडा." ऑपरेशन कुठल्या दवाखान्यात आहे हे विचारायला मेव्हण्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "दवाखाना कशाला? शेतावरच आहे." बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढची तीन मिनिटं त्या भावंडांत जे बोलणं झालं ते इथे छापण्यासारखं नाही.

शेतावर पोचलो तेव्हा आबा बांधावर उभे होते, गालात तंबाखू होती आणि समोर मोजणीवाले तिकाटणं लावत होते. रिंग रोडची मोजणी होती. कागदावर त्याचं नाव रिंग रोड; गावात मात्र त्याला 'नवा बायपास' म्हणतात. आबांनी शहाळी बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. "मोजणीवाल्या सायबांसाठी आणलीत व्हय? लई बरं केलंत, जावईबापू." हृदयरोग्यासाठी आणलेली आठही शहाळी महसूल खात्यानं उभ्या उभ्या प्यायली.

*

मी स्वतः बायपासवरचाच माणूस. पुण्याला बायपास हवा की नको, यावर कोणी मत विचारलं तर मी जरा बाजूला होतो, कारण हा प्रश्न मला कुटुंबातल्या भांडणासारखा वाटतो.

जुन्या लोकांना आठवत असेल, एके काळी मुंबईहून बेंगळुरूला जाणारा प्रत्येक ट्रक पुण्याच्या पोटातून जायचा. निगडी, चिंचवड, खडकी, शिवाजीनगर, स्वारगेट आणि मग सातारा रस्त्यानं कात्रजचा घाट. हुबळीला कांदा न्यायचा असला तरी आधी स्वारगेटचं दर्शन घ्यावं लागे. त्या ट्रकना पुण्यात काही काम नव्हतं आणि पुण्यालाही त्यांचं काही काम नव्हतं. दोघंही एकमेकांना नकोसे आणि रोज समोरासमोर. मग शहराच्या पश्चिमेला, माळरानातून, देहूरोडपासून कात्रजपर्यंत तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा काढला. पवना, मुळा आणि मुठा या तिन्ही नद्या ओलांडून जाणारा. कल्पना झकास होती. पाहुण्यानं घरात न शिरता मागच्या अंगणातून निघून जावं.

फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. पुणेकराला अंगण रिकामं बघवत नाही.

1998 साली मी वारज्यात फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हायवे टच'. त्याखाली 'स्वारगेटपासून अवघी 15 मिनिटं'. पंधरा मिनिटं कुठल्या वाहनानं आणि रात्री किती वाजता, ते लिहिलेलं नव्हतं. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. सदाशिव पेठेतली एक आत्या म्हणाली, "पुणं सोडून चाललास होय रे?" वास्तुशांतीला ती आली नाही, कारण तिच्या मते मुक्कामी राहायला लागलं असतं. रिक्षावाले तर वारजे म्हटलं की आधी आकाशाकडे बघायचे. "शहराबाहेर आहे. हाफ रिटर्न पडेल."

पण खरं सांगतो, ते दिवस छान होते. संध्याकाळी आमच्या सोसायटीतली मंडळी बायपासच्या कडेला फिरायला जायची. पलीकडे ज्वारी, अलीकडे आम्ही, मधून गाड्या. मुलांचा एक खेळ ठरलेला होता, पासिंग ओळखायचं. लांबून गाडी दिसली की ओरडायचं. 09 म्हणजे कोल्हापूर, 10 सांगली, 11 सातारा. केए दिसली की कर्नाटक, दोन गुण. टीएन दिसली तर पाच. माझ्या मुलाचा महाराष्ट्राचा भूगोल या खेळावर तयार झाला. त्यात 12 म्हणजे पुण्याच्या गाडीला गुणच नव्हते, कारण पुण्याची गाडी बायपासवर करणार काय?

परवा मी नातवाला तोच खेळ शिकवायला पुलावर घेऊन गेलो. पोरगं दोन मिनिटांत कंटाळलं. "आजोबा, सगळ्या 12 आणि 14च आहेत." म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड. त्यातच अडकलेला एक तमिळ ट्रक दिसला. त्याचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर हनुवटी टेकून आमच्याकडे अशा नजरेनं बघत होता, जशी नजर चुकीच्या लग्नाच्या मांडवात येऊन बसलेल्या माणसाची असते. हा रस्ता खास त्याच्यासाठी बांधलाय, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

वाहतुकीवर व्याख्यानं देणारी मंडळी आकडे, तक्ते, नकाशे दाखवतात. मला विचाराल तर नातवाच्या कंटाळ्यात सगळं आलं. बाहेरच्यांनी बाहेरून जावं म्हणून केलेल्या रस्त्यावर आपणच भाजी आणायला जातो.

*

शहर बायपासपर्यंत पोचतं कसं? सगळ्यांना वाटतं ते इमारतींमुळे. इमारती नंतर येतात. आधी येतो 'कट'.

कट म्हणजे दुभाजकातली फट. बायपास नवा असतो तेव्हा दुभाजक अखंड असतो, चकचकीत, मधे कण्हेर लावलेली. मग एका गावाला वाटतं की आपल्याला पलीकडच्या शेतावर जायला तीन किलोमीटरचा हेलपाटा पडतो. हे खरंही असतं. निवेदन जातं, रास्ता रोको होतो आणि कट मिळतो. कटापाशी गाड्या हळू होतात म्हणून तिथे चहाची टपरी येते. टपरीपाशी गाड्या थांबतात म्हणून पंक्चरवाला येतो. पंक्चरवाला आला म्हणजे वस्ती आहे असं बिल्डरला वाटतं. वस्ती झाली की अपघात होतात, म्हणून सिग्नल. सिग्नलमुळे रांगा, म्हणून भुयारी मार्ग. भुयारी मार्गात पावसाचं पाणी, म्हणून वरून उड्डाणपूल. उड्डाणपुलाखाली हातगाड्या. आणि मग एके दिवशी पालकमंत्री गाडीतून उतरून म्हणतात, इथली कोंडी असह्य झाली आहे, आता याला बायपास काढावा लागेल.

यात कुणाचंच चुकलेलं नसतं, ही खरी पंचाईत. पहिल्या गावाला कट हवाच होता. सर्व्हिस रोड सलग असता तर कदाचित नसता लागला. पण आमचा सर्व्हिस रोड नदी आली की संपतो. तिन्ही नद्यांशी त्याचं काय वाकडं आहे कळत नाही. छान दोन किलोमीटर गाडीला गाडी लावून चालत येतो आणि मुठेच्या काठावर उभा राहून मागे फिरतो, पोहता न येणाऱ्या माणसासारखा. मग माणसं नाइलाजानं मुख्य रस्त्यावर चढतात, आणि काही जण नाइलाज नसतानाही उलट्या दिशेनं येतात. उलट्या दिशेनं येणारा माणूस हेडलाइट लावून येतो. यामागची भावना अशी, की मी चुकतोय हे मला माहीत आहे, तेव्हा तुम्ही बाजूला व्हा.

उलट उदाहरणही जवळच आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे 2002 मध्ये पूर्ण झाला, 94.5 किलोमीटर. घाटात शनिवारी सकाळी तो रडवतो, हे कबूल. पण बाकी रस्ता अजून रस्ताच राहिलाय, बाजारपेठ झालेला नाही. कारण साधं आहे. त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि चढायच्या-उतरायच्या जागा मोजक्या. कुणाच्या दारातून तो जात नाही, म्हणून कुणी त्याच्या दारात जाऊ शकत नाही. मुंबईहून निघालेला माणूस हे 94.5 किलोमीटर दीड तासात हसत-खेळत येतो, बायकोला फोन करतो, "पोचलोच, भात टाक." आणि मग बायपास सुरू होतो. त्या भाताचं नंतर काय होतं ते ज्यानं त्यानं आपल्या घरी विचारावं.

*

आता चांदणी चौक. नावावरून वाटावं की इथे कवी येऊन बसत असतील. इथे मी आयुष्यातले जेवढे तास बसलो, तेवढ्यात कादंबरी झाली असती.

मुळशीचा रस्ता, पाषाणचा रस्ता, बावधन, कोथरूड आणि मधून बायपास, असं ते ठिकाण. वरून एक अरुंद जुना पूल होता. त्या पुलाखाली सगळा भारत दोन-दोन गाड्यांनी निघायचा. वर्षानुवर्षं लोक ओरडत होते. निवेदनं, आंदोलनं, अग्रलेख, सगळं झालं. मग ऑगस्ट 2022 मध्ये खुद्द तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याकडे जाताना इथे अडकले. लोकांनी गाडीपाशी जाऊन गाऱ्हाणं घातलं. त्यानंतर जी चक्रं फिरली, ती बघून आमच्या सोसायटीच्या सभेत एका सभासदानं गंभीरपणे सूचना मांडली की दर महिन्याला एका मंत्र्याला पुण्यातल्या एका चौकात अडकवण्याची कायमस्वरूपी व्यवस्था व्हावी. सूचना एकमतानं मंजूर झाली. इतिवृत्तात आहे.

पूल पाडायचं काम ज्यांना दिलं, त्यांनी त्याच ऑगस्टमध्ये नोएडातले शंभर मीटर उंचीच्या घरातले जुळे मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त केले होते. तेव्हा आमच्या एवढ्याशा पुलाचं काय! 2 ऑक्टोबरच्या मध्यरात्री, एकच्या सुमारास, सुमारे 600 किलो स्फोटकं लावून बटण दाबलं. आम्ही सगळे टीव्हीपुढे. मोठा आवाज झाला, धुळीचा लोट उठला, निवेदकानं "पूल इतिहासजमा!" असं म्हणून टाकलं. धूळ बसली. पूल होता तिथेच होता. थोडा वाकला होता, थोडा सोलला होता, पण उभा. लोखंडानं काँक्रीटला सोडलं नव्हतं. नोएडाचे मनोरे गेले, पण पुण्याचा पूल "आम्हाला विचारलं होतं का?" अशा आविर्भावात तसाच. शेवटी पोकलेन लावून तो ओढून पाडावा लागला. त्या रात्री मला पुणेकर असल्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा गणेशोत्सवातही वाटत नाही.

पुढच्या वर्षी, 12 ऑगस्ट 2023 ला, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते नव्या चौकाचं उद्घाटन झालं. आता तिथे रस्त्यावर रस्ता, त्यावर रॅम्प, रॅम्पला फाटा. वरून फोटो काढला तर अप्रतिम दिसतो. अडचण एवढीच की आम्ही वरून जात नाही. पहिल्या आठवड्यात मी कोथरूडहून बावधनला निघालो, एक पाटी वाचायला चष्मा वर केला तेवढ्यात फाटा गेला आणि मी साताऱ्याच्या दिशेला लागलो. पुढच्या पुलाखालून वळून परत आलो, या वेळी पाटी नीट वाचली आणि मुंबईच्या दिशेला लागलो. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "आता मुळशी राहिलीय तेवढी. चला, आबांकडे जाऊन येऊ." पायी चालणाऱ्या माणसानं हा चौक कसा ओलांडावा, याचा विचार मात्र चौक झाल्यावर सुरू झाला. आपल्याकडे पादचारी हा नेहमी उद्घाटनानंतर सापडतो.

*

रात्रीच्या बायपासबद्दल लिहिलं नाही तर खाजगी ट्रॅव्हल्सनं येणारे वाचक माफ करणार नाहीत. तिकिटावर लिहिलेलं असतं 'पुणे'. पहाटे चारला क्लीनर दांड्यावर हात आपटत ओरडतो, "चला, वाकड, चांदणी चौक, वारजे, नवले पूल... बायपासला उतरा!" अर्धवट झोपेत, एका हातात बॅग, एका पायात चप्पल, अशा अवस्थेत माणूस महामार्गाच्या कडेला सोडला जातो. बस गेली की शांतता. समोर एकच रिक्षा, तिच्यात एकच माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर ज्याला ठाऊक आहे की आज बाजारात आपणच एकटे, अशा व्यापाऱ्याचं समाधान. नागपूरहून पुण्याला यायला जेवढे पैसे पडले, त्याच्या निम्मे पुण्याहून पुण्यात यायला पडतात.

आणि हो, कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा तो उतार. त्यावर विनोद सुचत नाही. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडतात, ब्रेक तापतात आणि मग खाली जे काही उभं असेल त्यावर येतात. नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकनं एका झटक्यात डझनावारी गाड्यांना धडक दिली. त्या उताराच्या तळाशी मोकळा महामार्ग असेल असं धरून तो उतार काढला होता. आता तळाशी शाळेची रिक्षा असते, भाजीवाली असते, ऑफिसला निघालेली मुलं असतात. एवढंच सांगून पुढे जातो.

*

बायपास नको म्हणणारेही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं मला पुण्यात बसून कधी कळलं नव्हतं. ते कळलं कोकणात. मुंबई-गोवा महामार्ग झाराप-पत्रादेवी असा सावंतवाडीच्या बाहेरून गेला. तिथल्या बाजारात लाकडी खेळणी घेताना दुकानदाराला मी म्हणालो, "तुमच्याकडे किती शांत आहे हो! हेवा वाटतो." त्यांनी हातातला लाकडी आंबा पुसता पुसता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शांत ना? व्हया तर घेऊन जावा. पिशवीत बांधून देतंय."

त्याच महामार्गावरच्या माणगावला बरोबर उलटं. चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, बायपास होतोय होतोय म्हणतात, आणि गणपतीला, मे महिन्यात सगळी मुंबई त्या एका बाजारपेठेतून रांगत जाते. तिथला वडापाववाला बायपासच्या बाजूचा की विरुद्ध, हे त्याला कधीही विचारावं; उत्तर तो वडा तळता तळता, खालमानेनं देतो, "व्हायला पाहिजे साहेब, लोकांचे हाल होतात." आणि तेवढ्यात खिडकीतून आठ हात बाहेर येतात.

लोणावळ्याचे लोक सर्वांत हुशार. एक्सप्रेस वे आला, गाड्या गावाबाहेरून जायला लागल्या, तर गाव रडत बसलं नाही. चिक्कीच गाडीत बसून फूड मॉलवर गेली.

*

परत आबांकडे येऊ, मोजणी चालू आहे.

रिंग रोड ही गोष्ट मी माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकतोय. आबांनी मुलगी मला दिली, त्यात माझा पगार किती आणि पुण्यात घर कधी, या दोन प्रश्नांनंतर तिसरा प्रश्न होता, "रिंग रोडचं काय म्हंत्यात तुमच्याकडं?" नकाशावरची रेघ इतक्या वेळा सरकली की आबांची जमीन चारदा रस्त्यात गेली आणि चारदा परत आली. रस्ता 110 मीटर रुंद. शंभरावर दहा मीटर म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. आबांच्या बांधावर उभं राहिलं की कळतं. या टोकाच्या आंब्यापासून त्या टोकाच्या विहिरीपर्यंत.

गावात तीन पक्ष आहेत. ज्यांच्या शेतातून रस्ता जातो ते म्हणतात, सरकवा. ज्यांच्या शेतापासून दोन किलोमीटरवरून जातो ते म्हणतात, आमच्याकडे सरकवा. आणि तिसरे, सर्वांत सुखी, ज्यांची जमीन रस्त्याला अगदी लागून आहे पण एक गुंठाही जात नाही. ते काहीच म्हणत नाहीत. ते रोज देवळात जातात. रस्ता शेजाऱ्याच्या रानातून आणि भाव आपल्या बांधावर, अशी नेमकी आखणी माणसाच्या हातून होत नाही. त्याला मागच्या जन्मीचं काही असावं लागतं.

झाडांचा मोबदला वेगळा मिळतो. त्यामुळे मोजणीची तारीख लागली की गावाला पर्यावरणाचं प्रेम उफाळून येतं. आबांच्या शेजारच्या खडकाळ रानात, जिथे कुसळाशिवाय काही उगवलं नाही, तिथे एका रात्रीत आंब्याची बाग उभी राहिली होती. ओळी सरळ, माती ओली. मोजणीवाल्या साहेबांनी एक रोप दोन बोटांनी उचललं. ते पिशवीसकट वर आलं. "केवढं वय?" साहेबांनी विचारलं. मालक म्हणाला, "वाढ खुंटलीय साहेब. रस्त्याच्या टेन्शननं."

आबांनी असलं काही केलं नव्हतं. त्यांचा आंबा खरा होता, त्यांच्या वडिलांनी लावलेला. साहेबांनी त्याच्या बुंध्याला टेप गुंडाळली, आकडा सांगितला, हाताखालच्या पोरानं तो लिहून घेतला आणि खोडावर लाल रंगानं नंबर टाकला. आबा त्या लाल नंबराकडे बराच वेळ बघत राहिले. बायको त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दवाखान्यात रडायचं म्हणून आणलेलं रडू तिला तिथे आलं.

संमतीनं जमीन दिली तर 25 टक्के जादा मिळणार होते. आबांनी संमती दिली. "न्हाई म्हनून काय उपेग? रस्ता काय आपल्याला ईचारून येतोय?" असं म्हणून त्यांनी सही केली, आणि लगेच, तेवढ्याच सहजपणे, "पैसं जमा कधी व्हत्याल?" असंही विचारलं. या दोन वाक्यांत विसंगती वाटते ती फक्त शहरातल्या माणसाला.

मी आबांना माझं मत सांगितलं. पंचवीस वर्षं बायपासवर राहिलोय, तेवढा हक्क आहे. म्हणालो, "आबा, रस्ता व्हायलाच पाहिजे. आमच्या बायपासवर आता बाहेरच्या गाडीला जागाच नाही. फक्त या वेळी एक करा. कुंपण घाला आणि कुणालाही, अगदी कुणालाही, मधून शिरू देऊ नका. नाहीतर वीस वर्षांनी इथेही वारजे होईल."

"खरं हाय," आबा म्हणाले. "लोकान्ला शिस्त न्हाई."

मोजणी संपली. साहेब लोक सामान आवरून कच्च्या रस्त्यापाशी आले. तिथे एक पत्र्याची टपरी होती. मी मघाशी घाईत बघितली नव्हती. वर नवीन कोरी पाटी, 'रिंग रोड अमृततुल्य'. रस्ता अजून कागदावर होता, चहा मात्र उकळत होता. स्टोव्हमागून मेव्हण्याचा थोरला हसत बाहेर आला. "या की आत्याजी! आबांनीच टाकून दिली. आठ दिवस झाले."

आबांनी साहेबांना स्वतःच्या हातानं चहा दिला. डझनातलं एक सफरचंदही कापून दिलं. मग तंबाखूची चिमूट मळत, अगदी घरगुती आवाजात विचारलं, "सायेब, हितं कट कुठं देनार?"

"कट नाही आबा," साहेब बशीवर फुंकर मारत म्हणाले. "हा बंदिस्त रस्ता आहे. कट कुठंच नाही."

आबांनी मान डोलावली. चिमूट गालात ठेवली. लांबवर कुठेतरी बघत म्हणाले, "व्हय, व्हय. कुठंच नको. पर द्यायचाच झाला, तर ह्यो आंबा ध्यानात ठिवा."